रेशमी डगलेवाल्याचं बयान

मी इंग्रजीची मास्तरीण आहे. आर्णीच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवते आहे. स्वल्पविराम चुकला तर अर्धा मार्क कापते, त्यामुळे माझ्या माघारी पोरं मला ‘अर्धा मार्क’ म्हणतात. म्हणोत बापडी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जी लबाडी केली ती अशा बाईनं केली, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहिलेलं बरं.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. वय ऐंशीच्या आसपास. नेमकं त्यांनाही ठाऊक नाही, दाखल्यावरची तारीख त्यांच्या मास्तरांनी अंदाजे ठोकून दिलेली. आम्ही घाटंजीजवळच्या तांड्यावरचे, गोर, म्हणजे लोक ज्यांना बंजारा म्हणतात ते. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढे तांडा एका जागी बसला आणि बाबांच्या वाट्याला थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी, थोडी तूर आली. जन्मभर त्यांनी तीच केली. पण कुणी विचारलं, ‘बाबाजी, तुम्ही काय करत होते?’ तर शेतीचं नाव नाही. “मी टाकीजमंदी होतो,” असं सांगतात आणि जरा ताठ बसतात.

ही टाकीज म्हणजे फिरता तंबू. बाबांच्या तरुणपणी पिकं घरात आली की तो तंबू बाजाराच्या गावांमधून हिंडायचा. हिंदी सिनेमाच्या रिळा मिळाल्या तर ठीक, नाही तर मालक कुठूनतरी जुनाट इंग्रजी बोलपट स्वस्तात उचलून आणायचा. लोकांना ते ओ का ठो कळत नसे. म्हणून एक माणूस माईक घेऊन पडद्याशेजारी उभा राही आणि सिनेमा चालू असतानाच त्याची गोष्ट वऱ्हाडीत सांगे. या कामाला बयान म्हणत आणि सांगणाऱ्याला बयानवाला. बाबा सात हंगाम बयानवाले होते. इंग्रजीतलं त्यांना ‘टी’ आणि ‘बस’ एवढंच येत होतं. तरी पंचक्रोशीतले लोक सिनेमा कोणता आहे ते न विचारता बयानवाला कोण आहे ते विचारून तिकीट काढत.

त्यांचा गाजलेला सिनेमा एकच. तो मी लहानपणी इतक्यांदा ऐकला की पाहिल्यासारखाच झाला होता. धुक्याचं एक मोठं शहर. तिथं पूर्वेकडून एक वैद आलेला. अंगात पायघोळ रेशमी डगला, हनुवटीच्याही खाली लोंबणाऱ्या मिशा, बोटाएवढी नखं. सायबांनी त्याच्या मुलखातून औषधांची पेटी पळवली होती, ती परत न्यायला तो आलेला. त्या शहरात एका विद्वानाची पोरगी आजारी असते. वैद तिला आपल्या घरी नेऊन इलाज सुरू करतो. ती किंचाळते, कारण औषध कडू. वैदाच्या घरात जमिनीत एक दार असतं आणि त्यातून माणसं धाडकन खाली जातात. तिथं खाली वाफाऱ्याची खोली, सर्दीपडशावाल्यांसाठी. पण पोरीचा होणारा नवरा गैरसमज करून घेतो. “जवाईच तापट, त्याले कोन समजावील,” असं बाबा इथे हमखास म्हणत. तो जावई पिस्तूल घेऊन येतो आणि वैदाला गोळी घालतो. वैद कोसळतो आणि मरतामरता एकच शब्द म्हणतो, “याडी!”

याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई. इथे बाबा थांबायचे, आणि मी दर वेळी रडायची.

अजूनही घाटंजीच्या बाजारात एखादा म्हातारा बाबांना आडवा येतो आणि विचारतो, “बयानवाले, वैद मेला काय हो?” बाबा म्हणतात, “मेला ना बाप्पा.” मग दोघं चहा पितात. बाबांच्या पदरी मानमरातब म्हणावा असा एवढाच आहे.

मागच्या हिवाळ्यात घाटंजीच्या वाचनालयात स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी महिन्यातून एक सिनेमा दाखवायचं ठरवलं. त्यांची म्होरकी एक चुणचुणीत मुलगी होती. तिच्या आजोबांकडून तिला बाबांची कीर्ती कळली. तिनं इंटरनेट पालथं घातलं आणि डगला, मिशा, नखं, जमिनीतलं दार एवढ्या खुणांवरून तो सिनेमा चक्क शोधून काढला. सिनेमा बोलायला नुकता शिकला होता त्या काळातला, आता कुणीही फुकट पाहू शकतो असा. ती घरी आली, बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, “बाबाजी, तुम्ही बयान करा. जसं तवा करत होते तसंच.”

बाबांनी नको म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही. “माईक चांगला आना,” एवढंच म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. “मॅडम, खाली मराठी ओळी द्याच्या आहेत. नव्या पोट्ट्यायले सगळं समजलं पाहिजे. तुमच्याबिगर कोन करन?” इंग्रजीच्या मास्तरणीला असं म्हटलं की ती विरघळते. मी हो म्हणून बसले. चार दिवसांत त्यांनी फलकही लावले, ‘जुना सिनेमा, जुने बयानवाले, मराठी ओळींसह’.

एका रविवारी दुपारी मी कानात हेडफोन घालून लॅपटॉपसमोर बसले. इंग्रजी ओळी पडद्यावर येत होत्याच, मला फक्त त्या मराठीत करायच्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांत माझा हात थांबला.

तो वैद नव्हताच. तो सैतान होता. पेटीत औषध नव्हतं, विष होतं, सगळ्या शहराला पुरेल इतकं. पोरगी आजारी नव्हती, तिला त्यानं पळवून आणलं होतं. जमिनीतल्या दाराखाली वाफारा कुठला, काळ्या पाण्याची विहीर होती. आणि तो तापट जावई सिनेमाचा नायक होता.

आधी मला हसू आलं. सात हंगाम आमच्या बाबांनी गावोगाव थाप मारली म्हणायची! पण पुढे बघत गेले तसं हसू आटलं. तो डगलेवाला पूर्वेचा, पण पूर्वेतला नेमका कुठला, ते सिनेमा काढणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. नट गोराच होता, त्याचे डोळे काहीतरी चिकटवून ओढून तिरपे केलेले. त्याच्या खोलीत कागदी कंदील होते, हुक्का होता, आणि कोपऱ्यात आपल्याकडची समई होती, तिच्यात उदबत्त्या खोचलेल्या. त्याची माणसं आपसांत जे बोलत होती ते कुठल्याच देशाचं बोलणं नव्हतं, नुसता कलकलाट. आणि मग नायक पोलिसाला म्हणतो ती ओळ आली. ती मी मराठीत लिहिली आणि लिहून झाल्यावर बघत बसले. ‘पुरावा कशाला हवा? यांच्या रक्तातच असतं ते.’

पुसदच्या वसतिगृहात असताना कुणाचं काही हरवलं की पहिली पेटी माझी उघडत. कुणी काही बोलत नसे. फक्त उघडत. तांड्यावरची ना ती, एवढं पुरे होतं. पेटीत कधी काही सापडलं नाही, पण त्यामुळे पुढच्या वेळी ती दुसऱ्या नंबरला गेली असंही झालं नाही. त्याच वर्षी बाबा मला भेटायला आले आणि मुलींच्या घोळक्यात मला गोरबोलीत हाक मारून जेवलीस का विचारू लागले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “बाबा, इथं तसं बोलू नका.” ते हो म्हणाले. त्या दिवसापासून आजवर ते माझ्याशी वऱ्हाडीतच बोलत आले, घरीसुद्धा. त्या वेळी मला ते फार सोयीचं वाटलं होतं. पुढे मी त्याचा विचारच करायचं टाळलं, आणि टाळायला मी हुशार आहे.

ते असो. आता प्रश्न बाबांचा होता. वाचनालयाचा हॉल भरणार. खाली ओळ येणार ‘विष’, वर माईकमधून बाबा म्हणणार ‘औषध’. पोरं फोनवर ते टिपणार, आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या तालुक्याला कळणार की बयानवाल्याला काडीचं कळत नव्हतं, सगळं मनानंच ठोकून दिलेलं होतं. बाजारात आडवा येणारा म्हातारा मग काय विचारील? ऐंशीच्या माणसाची एकुलती एक मिळकत, आणि ती माझ्या हातून, माझ्याच अचूक मराठी ओळींनी जाणार. मला रात्रभर झोप लागली नाही.

मी त्या मुलीला फोन केला, ओळी वगळता येतील का म्हणून विचारलं. “आता कसं मॅडम? कॉलेजचे पोट्टे त्याच्याचसाठी येऊन राह्यले,” ती म्हणाली.

तेव्हा मी ती लबाडी करायला घेतली. बाबांना सिनेमासारखं करता येत नाही, तर सिनेमाच बाबांसारखा करायचा. ‘विष’ पुसलं, ‘औषध’ लिहिलं. ‘याला विहिरीत टाका’ होतं तिथे ‘याला वाफारा द्या’ आलं. एका प्रसंगात पोरगी खांबाला बांधलेली असते आणि गयावया करते. तिथे मी लिहिलं, ‘किती कडू आहे हे!’ खोटं सांगत नाही, मला मजा येऊ लागली होती. सत्तावीस वर्षांत इतकं चुकीचं भाषांतर करायची संधी मला कधी मिळाली नव्हती.

मोतीबिंदू काढल्यापासून बाबा दिसेल ते वाचतात. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंही सोडत नाहीत. ते केव्हा माझ्या मागे येऊन उभे राहिले मला कळलंच नाही.

“‘किती कडू आहे हे,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “हे कोनं लिहिलं?”

“मी.”

“काहून?”

“ती तसंच म्हणते, बाबा.”

“नाही म्हणत.” बाबांनी पडद्यावरच्या पोरीकडे बोट केलं. “ती म्हणते, मले सोडा, मी तुमचं काय बिघडवलं. मंग हा म्हणते, तुह्या बापानं पेटी देली की सोडतो.”

शब्दन् शब्द तेच होतं. मी हेडफोन काढून ठेवला.

“तुम्हाला माहीत आहे?”

“माहीत नसन तं?” बाबा खुर्ची ओढून बसले. “तुले का वाटलं, मी हवेतून काढलं सगळं?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा. सिनेमाचे डबे आले तेव्हा तंबूच्या मालकानं इंग्रजी जाणणाऱ्या एका कंपाउंडरला पकडून आणलं होतं. त्यानं दोन वेळा सिनेमा पाहून एकूण एक बोलणं बाबांना मराठीत सांगितलं आणि बाबांनी ते चार दिवसांत तोंडपाठ केलं. पहिला खेळ घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी झाला. बाबांनी खरी गोष्ट सांगितली, सैतानाची. खेळ रंगला. डगलेवाला पडद्यावर आला की लोक शेंगांची फोलपटं मारत होते. शेवटी त्याला गोळी लागली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. आणि तेवढ्यात तो पडतापडता ओरडला.

“काय ओरडला ते त्या कंपाउंडरलेबी समजलं नोयतं,” बाबा म्हणाले. “तो म्हणे, काहीबाही आहे, सोडून द्या. पन तंबूत अर्धे लोक आपल्या तांड्यावरचे. सगळ्यायनं आयकलं. याडी.”

“मग?”

“मंग बायांच्या बाजूनं एक बुढी उभी राह्यली. तिनं मले, माईक हातात आहे त्या मले, भर तंबूत विचारलं. म्हणे, ‘हा तं आपला आहे रे! आईले बलावून राह्यला. कोनाचा लेक आहे? कोन्या तांड्याचा?’ आता मी काय सांगू? मशीन बंद झालं, दिवे लागले, लोक उठाले तयार नाहीत. ज्यायनं फोलपटं मारले तेच खाली मान घालून बसलेले. एक मानूस मले म्हणे, ‘आरं, पह्यले सांगाचं ना आपला आहे म्हणून.’”

मला हसूही येईना आणि रडूही. आख्ख्या जगात ही चूक फक्त आमचीच माणसं करू शकली असती. कुठल्याशा परदेशी स्टुडिओत एका गोऱ्या नटानं जीभ वेडीवाकडी फिरवून काहीतरी आवाज काढला, आणि घाटंजीच्या बाजारात त्याला आई मिळाली.

“दुसऱ्या बाजाराले मी गोष्ट बदलली,” बाबा म्हणाले. “मालक बोंबलला, पन गर्दी पाहून गप झाला. आता तूच सांग, त्या सिनेमात सगळे बोलते. पोलिस बोलते, जवाई बोलते, पोरीचा बाप बोलते. या मानसाले कोनी एक डाव तरी विचारलं काय, का बाबू, तू कायले आला इथं, तुह्यं काय गेलं? त्याचं बयान कोनी घेतलंच नाही. मंग म्या घेतलं.”

  ज्या माणसाची फजिती झाकायला मी खोटं लिहीत बसले होते, त्यानं माझ्या जन्माआधीच या सिनेमाचा पेपर तपासून ठेवला होता.

“बरं, आता हे पुस,” बाबांनी पडद्याकडे हात केला. “तू खरं खरं लिही. तू मास्तरीण आहेस, तुले खोटं शोभत नाही. खोट्याचं काम माह्यं.”

“लोक हसतील तुम्हाला.”

“टाकीजमंदी मानूस हसालेच येते व बाई.”

मी सगळं पुसलं आणि खरं लिहिलं, ‘रक्ता’ची ओळसुद्धा. शेवटच्या शब्दापाशी अडले. दहा वेळा ऐकला. याडी म्हटलं तर याडी, नाही तर नुसता खोकला. इंग्रजी ओळीत तिथे चौकटी कंसात लिहिलं होतं, ‘परक्या भाषेत बोलतो’. मी पडले अचूकतेची भोक्ती. त्याचंच मराठी केलं आणि फाइल पाठवून दिली.

सिनेमा दुपारी चारला होता. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून पुढे सतरंज्या टाकल्या. म्हातारी मंडळी तांड्यांवरून आली होती, काही बायाही. मागे कॉलेजची पोरं फोन सरसावून उभी होती. बाबांनी पांढरा सदरा घातला होता आणि नवा माईक दोनदा फुंकून पाहिला.  बाबांवर माझा भरवसा होता, लोकांवर नव्हता.

“राम राम, जय सेवालाल, जय भीम,” बाबांनी सुरुवात केली. “आता आयका. खाली जे लिहून येईन ते सायबाचं. माह्या पोरीनं लिहिलं, त्यात कानामात्रेची चूक नाही. अन् मी जे सांगीन ते या मानसाचं बयान. दोन्ही पाहा. निकाल तुमचा तुम्ही द्या.”

 इतकी साधी गोष्ट मला आठ दिवस सुचली नव्हती.

आणि मग काय धमाल उडाली! खाली ओळ आली, ‘याला विहिरीत टाका.’ बाबा म्हणाले, “याले लय सर्दी झाली आहे, याले वाफारा द्या.” माणूस धाडकन खाली गेला आणि हॉल हसून लोळला. पोरगी किंचाळली तेव्हा पुढची बाई औषधाच्या नावानं कडू तोंड करून बसली. कॉलेजची पोरं आधी ओळी वाचत होती, मग बाबांकडे बघू लागली, मग फोन खिशात गेले. ते बाबांना हसत नव्हते, बाबांबरोबर हसत होते. हा फरक मला खुर्चीत बसल्याबसल्या कळत होता आणि दर हशागणिक माझा श्वास सुटा होत होता.

फक्त एका जागी बाबा थांबले. नायक पोलिसाला बोलू लागला आणि माझी ओळ आली, ‘पुरावा कशाला हवा? यांच्या रक्तातच असतं ते.’ बाबांनी माईक खाली केला. “हे वाचा,” ते म्हणाले. “हे म्या कधीच नाही सांगतलं, न आता सांगत.” कुणी हसलं नाही. पुढच्या सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्यानं नातवाला ती ओळ वाचायला लावली आणि ऐकून नुसती मान हलवली.

शेवट जवळ आला. जावई पिस्तूल घेऊन आत शिरला. “थांब बाप्पा, एक डाव त्याचं आयक तं,” बाबा त्याला म्हणाले, पण तो कुठचा थांबतो. गोळी सुटली, डगलेवाला कोसळला आणि ओरडला. खाली माझी ओळ आली, ‘परक्या भाषेत बोलतो’.

“परकी कायची?” पहिल्या रांगेतून एक आवाज आला. सात-आठ वर्षांची मुलगी होती, दोन वेण्यांची, कुणाची तरी नात. ती उठून उभी राहिली आणि पडद्याकडे बोट करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “चुकीचं लिहिलं! आपलीच तं आहे. याडी म्हणून राह्यला तो!”

सतरंजीवरच्या बायांमध्ये शब्द पसरला, याडी, याडी. कुणी तोंडाला पदर लावला. बाबांनी माईकमध्ये तो शब्द उच्चारलाच नाही, त्यांना गरजच पडली नाही. ते माझ्याकडे बघत होते.  सगळ्या सिनेमात एकच चूक राहिली होती आणि ती माझी होती. कुणा तपासनिसाला ती चूक म्हणता आली नसती, कारण खोकला तो खोकलाच. पण तो आवाज म्हणजे आईला मारलेली हाक असू शकते हे आधी माझ्या कानाला कळायला हवं होतं. मी त्याला परका म्हणून टाकलं. अगदी वसतिगृहात असल्यासारखं.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्यानं बाबांना गाठलंच. “बयानवाले, वैद मेला काय हो?”

“मेला ना बाप्पा,” बाबा म्हणाले. “पन मी आहे ना अजून.”

ती म्होरकी मुलगी धावत आली. आर्णीच्या वाचनालयाचंही बोलावणं होतं, पुसदच्या पोरांनीही विचारलं होतं. बाबांनी एखाद्या पुढाऱ्यासारखं मला तारखा लिहून घ्यायला सांगितलं. एसटीत त्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला फार आनंद होत होता, हे इथे साधेपणानं लिहून टाकते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी चपला काढल्या न काढल्या आणि लॅपटॉप उघडला. ‘परक्या भाषेत बोलतो’ पुसलं आणि लिहिलं, ‘याडी!’ कंस नाही, अर्थ नाही.

“काय करून राह्यली?” बाबांनी विचारलं.

“चूक दुरुस्त करते आहे.”

“किती मार्क कापले?”

“पूर्ण,” मी म्हटलं.

बाबा हसले आणि हातपाय धुवायला गेले. मी भाकरी थापल्या, वरण गरम केलं, ताट वाढलं. ते पाटावर येऊन बसले. रोज मी ‘जेवायला या’ म्हणते. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर ताट सरकवलं आणि म्हटलं, “बाटी?”

आमच्या बोलीत भाकरीला बाटी म्हणतात. एवढा एकच शब्द बोलले, आणि तोही अडखळत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. बाबांचा हात ताटावर थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग ते बोलू लागले, गोरबोलीत, सरळ, भरभरून, जणू मधली पस्तीसेक वर्षं त्यांनी नुसता श्वास रोखून धरला होता.

त्यातलं निम्मं मला कळलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं. बाबा थांबले, भाकरीचा तुकडा खाली ठेवला, घसा साफ केला आणि पडद्याशेजारी उभे असल्यासारखे मला एकेका शब्दाचा अर्थ सांगू लागले.